कोपरानं पाहिलेलं पाणी

कामरगाव
६ फेब्रुवारी २०२५

रत्नमालाबाई,

जयभीम.

पत्र पाहून नवल वाटन तुमाले. पन फोनवर मी आता बोलनार नाई. मांगच्या खेपेले जे बोलली थे तुमच्या सतीशनं रेकॉर्ड करून सोयऱ्यायच्या ग्रुपवर टाकलं, अन् आख्ख्या जिल्ह्यानं माह्या शिव्या ऐकल्या. कागदाचं रेकॉर्डिंग होत नाई. जगदेवच्या जीपमंधी देऊन राह्यली, थो शेलूबाजारावरून रोज किन्हीराजाले जाते.

मुद्द्याचं लिहते. परवा आमी पोट्टी पाहाले आलो. माह्या संघदीपची पह्यली लेक. पह्यलं बाळंतपन मायेरी असते म्हनून आमी नीलिमाले खुशीनं पाठवलं तुमच्याकडं. तुमी लेकरू दुपट्यात गुंडाळून माह्या हातात देलं. म्या दुपटं काढलं त पायाले फोड, मांडीले फोड, बगलेत फोड. अवो, टीचभर लेकरू थे! अन् तुमी म्हनता, "उष्णता आहे." माघाच्या थंडीत कायची उष्णता वो?

फोड कायचे असते थे मले कोनी शिकवाले नको. कढत पान्याचे असते. नाई त तापल्या सळीनं डाग देल्याचे असते. थे बेबीबाई तुमच्याकडं लेकरू न्हाऊ घालाले येते, तिनं पानी हातानं पाह्यलं असन. हातानं पानी पाह्यत नसते. काम करनाऱ्या बाईच्या हाताले कढत-कोमट काई समजत नाई. कोपर टेकवा लागते पान्यात, अन् मनातल्या मनात त्रिशरण म्हनून होईस्तोवर तसाच ठेवा लागते. तवा पानी खरं बोलते. तुमी हायस्कूलच्या मास्तरीन, इज्ञान शिकवता पोराइले, अन् एवढं तुमाले समजलं नाई?

नीलिमाले अन् लेकराले इकडं पाठवून द्या. नाई त मी ठान्यात अर्ज देते, की लेकराले मायेरी भाजलं.

भागिरथा दौलतराव तायडे


किन्हीराजा
९ फेब्रुवारी

भागिरथाबाई,

जयभीम. "सप्रेम" लिहिणार नाही, खोटं लिहायची मला सवय नाही.

तुमचं पत्र लाल पेन हातात घेऊन वाचायला बसले, पोरांचे पेपर तपासते तसं. अर्ध्यातच पेन फेकून दिलं. डाग देणं? माझ्या घरात? वर्गात उभी राहून ज्या बाईनं गावातल्या डाग देणाऱ्यांशी भांडणं घेतली, तिच्या नातीला डाग? बोलताना जिभेला हाड नाही तुमच्या.

बेबीबाईनं या गावातली निम्मी लेकरं न्हाऊ घातली आहेत. नीलिमाला तिनंच घातलं, सतीशला तिनंच. तरी पहिला फोड दिसल्या दिवशी मी तिची नखं तपासली, हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोड. मग तिला येऊ नको म्हणून सांगितलं. जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. रडत गेली ती. तेव्हापासून मी स्वतः अंघोळ घालते. पाणी कोमट. फोड तरीही येतात. लंगोटाची नाडी लागते तिथं येतात, काखेत धरून उचललं की काखेत येतात. हे कढत पाण्याचं काम नाही, एवढं तरी माझ्या विज्ञानाला कळतं. इथल्या डॉक्टरांनी मलम दिलंय, पुढच्या आठवड्यात अकोल्याला दाखवणार आहे.

आणि आजीपणाचं मला सांगू नका. त्या दिवशी बाळाच्या अंघोळीची वेळ झाली, मी म्हटलं, या, तुम्हीच घाला आज पाणी. तुम्ही तडक अंगणात जाऊन उभ्या राहिलात, पाठ करून. अंघोळ होईपर्यंत आत आला नाहीत. बाळाचं अंग पुसायला टॉवेलसुद्धा धरला नाहीत. ही आजी ठाण्यात अर्ज देणार!

नीलिमा येणार नाही. बाळ बरं झाल्याशिवाय तर नाहीच.

रत्नमाला खंडारे


कामरगाव
१४ फेब्रुवारी

रत्नमालाबाई,

अंघोळीच्या टायमाले मी बाहेर काहून गेली थे माह्यं मी पाहीन. त्याच्यात तुमी नाक खुपसू नका.

लेकरू तायडेचं हाये. संघदीपनं कारंज्याच्या ऑफिसात रजा टाकली हाये. थो येईन अन् दोघीइले घेऊन येईन. मुकाट्यानं पाठवलं त ठीक. नाई त मंग सोयऱ्यायले बसवीन, अन् साऱ्याइसमोर दुपटं काढून दाखवीन. मंग पाहू कोनाच्या घरात काय झालं थे.

नीलिमा नाई आली त नको येऊ. लेकराले माय लागते, पन जिवंत लेकराले लागते. एवढं ध्यानात ठेवा.

भागिरथा


किन्हीराजा
२४ फेब्रुवारी

भागिरथाबाई,

तुमचं शेवटचं वाक्य मी नीलिमाला वाचून दाखवलं नाही. तुम्हाला ते लिहवलं कसं, हेच मला समजत नाही.

अकोल्याला जाऊन आलो. कातडीच्या डॉक्टर बाई आहेत. बाळाला नीट पाहिलं आणि पहिला प्रश्न हाच केला, "हिला चोळता का हो?" मी म्हटलं, तेल-बेसन लावून, सगळ्याच लेकरांना चोळतात तसं. त्यांनी कपाळाला हात लावला. तर ऐका आता. भाजलेलं नाही. डाग नाही. त्यांनी तसं लिहून दिलंय, म्हणजे ठाण्यात जायचं तर खुशाल जा.

आजार कातडीच्या आतला आहे. आपली कातडी पेशींची बनलेली असते. एकेक पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी. ती दाबली, ओढली, घासली तरी फाटत नाही, कारण तिच्या आत धाग्यांचं जाळं असतं. पेशीत धागे तीन तऱ्हांचे. सगळ्यात बारीक धाग्यांनी पेशी हलते-सरकते. सगळ्यात जाड ज्या नळ्या, त्यांच्यावरून आतला माल इकडून तिकडं जातो. आणि मधल्या जाडीचे जे आहेत ते हलत नाहीत की वाहत नाहीत, ते नुसते धरून ठेवतात. कातडीतल्या या मधल्या धाग्यांना केराटिन म्हणतात. आपली नखं, केस, बैलाचं शिंग, सगळं त्याच जातीचं. स्नायूंमध्ये त्यांचे भाऊबंद वेगळ्या नावाचे, पेशीच्या गाभ्याभोवती आणखी वेगळे. जिथले बिघडतील तिथला आजार होतो, कोणाचं हृदय ढिलं पडतं, कोणाचे हातपाय. आपल्या बाळाचे कातडीच्या तळच्या थरातले बिघडलेत. चोळलं की तिथल्या पेशी फाटतात, पाणी साचतं आणि वर फोड येतो.

तुम्हाला समजेल असं सांगते. मातीत भुशाचं कुटार कालवल्याशिवाय भिंत लिंपली तर ती वरून गुळगुळीत दिसते, आणि हात घासला की पोपडा निघतो. बाळाच्या मातीत कुटारच कमी आहे.

यावर औषध अजून नाही. सांभाळणं आहे. चोळायचं नाही, पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. काखेत धरून उचलायचं नाही, बुडाखाली आणि मानेखाली हात घालून उचलायचं. झबलं उलटं घालायचं, शिवण बाहेर. फोड मोठा झाला की उकळून निर्जंतुक केलेल्या सुईनं टोचून पाणी काढायचं, वरची साल तशीच ठेवायची. पिकू दिलं तर जिवावर बेततं. सांभाळलं तर वाढत्या वयात पुष्कळ कमी होतं. उन्हाळ्यात जास्त येतं, आणि उन्हाळा तोंडावर आहे.

आता शेवटचं. हा दोष बहुतेक वेळा आईकडून नाहीतर बापाकडून येतो. एकाच घरात कोणाला जास्त, कोणाला इतका कमी की फक्त तळपायाला फोड येतात. आमच्याकडं कोणाला नाही, मी माझ्या माहेरपर्यंत विचारून घेतलं. तुमच्याकडं? लग्नाच्या वरातीत संघदीपनं निम्म्या वाटेत बूट काढून फेकले होते आणि जीपमध्ये जाऊन बसला होता. मला आठवतं. बाळाचं रक्त तपासायला पाठवलंय. तुम्ही खरं सांगितलंत तर तेवढे दिवस वाचतील.

रत्नमाला


कामरगाव
२८ फेब्रुवारी

रत्नमालाबाई,

माह्या घराच्या भिंती सिमिटाच्या हायेत. कुटाराच्या गोष्टी तुमच्यापाशी ठेवा.

वा रे वा! लेकराले भाजलं तुमी, अन् खोट आमच्या रक्तात? डॉक्टरनीले फी तुमी देली, तिनं तुमच्या बाजूनं लिहलं. अन् थे बूट, थे तुमीच देले होते जवायाले. सस्ते, कडक, रेक्झिनचे. त्या बुटानं दगडाले फोड आले असते.

आमच्या घरात कोनाले काई रोग नाई. उलट आमचं आंगच पह्यलेपासून नाजूक, मोठ्या घरच्यावानी. आमचे हे, दौलतराव, उन्हाळाभर सुती मोजे घालून फिरते सायबासारखे. सारं गाव हासते, पन हे काई मोजे सोडत नाई. चैत्र-वैशाखात तळपायाची आग होते म्हनून मी त्याइले मेंदी थापून देते. आग कोनाच्या पायाची होत नाई? माह्या सासूबाई, रुपाबाई, निंदनाले जायच्या त हाताले लुगड्याचं फडकं गुंडाळून. सरदारनीसारख्या! त्याइच्या हाताले जल्मात घट्टा पडला नाई. संघदीप लाडाचा, म्हनून थो खेळाले कधी पळाला नाई, वट्ट्यावर बसून अभ्यास करे, अन् म्हनूनच आज खुर्चीवर हाये. ह्याले रोग म्हनता तुमी?

खोट असन त तुमच्या हातात हाये. लेकराले चोळलं नाई त आंग भरत नाई, हाडं ठोसर होत नाई. आतापर्यंत जल्मलेली सारी लेकरं चोळूनच मोठी झाली. कोमट पान्यानं, हलक्या हातानं चोळलं त काई होत नाई. म्हंजे नाई. थे मी दाखवून देईन तुमाले.

भागिरथा


किन्हीराजा
११ मार्च

भागिरथाबाई,

जिंकलात. मी दहावीच्या परीक्षेच्या ड्यूटीवर होते, तेवढ्यात संघदीप आला आणि नीलिमाला आणि बाळाला घेऊन गेला. सतीश अडवायला गेला तर त्याला म्हणाला, "आईनं सांगितलंय." तिशीतला बाप्या, आणि आईनं सांगितलंय! नीलिमा भांडण नको म्हणून गेली. मला ठाऊक आहे माझी पोरगी, दोन बायका भांडायला लागल्या की ती उठून चालू लागते. फोन केला तर म्हणाली, "आई, तुम्ही दोघी सारख्याच आहात," आणि फोन बंद करून ठेवला. तुमच्यासारखी मी! यापेक्षा चपराक लगावली असती तर बरं झालं असतं.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. एकदा रागानं वाचलं, नंतर तपासायला वाचलं. उन्हाळ्यात मोजे. तळपायाची आग. निंदायला जाताना हाताला फडकं. खेळायला न पळणारं पोर. भागिरथाबाई, तुम्ही तुमच्या घराण्याचा थाट म्हणून जे लिहिलंत ना, ते डॉक्टरबाईंपुढं ठेवलं असतं तर त्यांनी रक्त तपासायलाही पाठवलं नसतं. रुपाबाई, त्यांचा मुलगा, मुलाचा मुलगा, आणि आता त्याची मुलगी. हे सरदारपण नाही. मोजे काढायला लावा तुमच्या साहेबांना, आणि बघा.

पण ते राहू द्या. तुमच्या घराण्याला मी निष्कलंक म्हणून लिहून देते, हवं तर शिक्का मारून देते. फक्त एक करा. तिला चोळू नका. मी कोणापुढं हात जोडत नाही, आज तुमच्यापुढं जोडते. तुमच्या शेवटच्या ओळीनं माझी झोप उडाली आहे. "दाखवून देईन" म्हणता. काय दाखवणार आहात? त्या लेकराच्या अंगावर दाखवणार आहात का?

रत्नमाला


किन्हीराजा
१७ मार्च

भागिरथाबाई,

जगदेव म्हणतो पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही वाचलं आणि घरात गेलात. इतके दिवस झाले, उत्तर नाही. नीलिमाचा फोन बंद. संघदीप उचलत नाही.

शुक्रवारपर्यंत खबर आली नाही तर मी शनिवारी पोलिसांना घेऊन कामरगावात येते. सगळ्या गल्लीदेखत येते.

रत्नमाला


कामरगाव
२१ मार्च

रत्नमालाबाई,

जयभीम.

पोलिस आनू नका. लेकरू बरं हाये. पायाचा एक फोड मोठा होता, नीलिमानं तुमी सांगतलं तसा सुईनं टोचला. आता सुकून राह्यला.

तुमचं पत्र वाचलं होतं म्या. इसवास नोता. मले वाटलं ही मास्तरीन इज्ञानाच्या नावानं आपलं पाप झाकून राह्यली. म्हनून म्या ठरवलं, की आपुन दाखवू. नीलिमा रातभर जागली होती, सकाळी तिले डोळा लागला. म्या दार लोटलं. पानी काढलं. कोपर टेकवला. त्रिशरण म्हनलं. एकदा नाई, तीनदा म्हनलं. पानी कोमट होतं. मंग दुधात बेसन कालवलं, अन् लेकराच्या पायावरून हात फिरवला. हलकाच. जोर नाई लावला. अन् माह्या आंगठ्याखाली कातडं सरकलं वो बाई. पिकल्या टमाट्याची साल सरकते तसं.

मी तिथंच बसली. कारन थे म्या पह्यले पाह्यलं होतं.

संघदीपच्या आंधी मले एक पोरगी झाली होती. हे तुमाले कोनी सांगतलं नाई, कारन ह्या घरात थे कोनी बोलत नाई. माय नसल्यानं माह्यं बाळंतपन सासरीच झालं. मी लहान होती, माह्याच हातानं न्हाऊ घालत होती. तिच्या आंगावर असेच फोड उठले. मंग पिकले. मंग ताप. नाव ठेवाच्या आंधीच गेली. अन् माह्या सासूनं, रुपाबाईनं, दारात उभं राहून साऱ्या गल्लीले सांगतलं, की हिनं लेकरू पोळून मारलं. कढत पान्यानं पोळून मारलं. म्या म्हनलं पानी कढत नोतं. कोन ऐकते? तिनं एवढ्या खेपा म्हनलं, की मंग मलेच वाटाले लागलं, असन कढत. समजलं नसन मले. माह्या हाताले समजलं नसन.

तवापासून ह्या गल्लीत कोन्या बाळंतिनीनं मले लेकरू न्हाऊ घालाले बोलावलं नाई. संघदीपले म्या आंघोळ घातली नाई, सासूच घाले. मी दाराआडून पाहे. तिनं त्याले कधी चोळलं नाई. नुसतं पानी सोडे वरून, अन् फडक्यानं टिपे. मले वाटे म्हातारीचे हात थकले. आता समजून राह्यलं. तिले माहीत होतं, बाई. तिच्या सोताच्या हाताले फडकं होतं. कशानं होते थे माहीत नसन, पन चोळाचं नसते हे माहीत होतं. माह्या पोरीच्या टायमाले माहीत नसन, त तिच्या मरनानं माहीत झालं असन. मंग मले काहून नाई सांगतलं? मरेस्तोवर काहून नाई सांगतलं?

तुमच्याकडं आंघोळीच्या टायमाले मी अंगनात काहून गेली, थे आता तुमाले समजलं असन. अन् दुपटं काढून थे फोड पाह्यले तवा माह्या तोंडातून जे निंगालं, थे रुपाबाईचंच होतं. शब्दाले शब्द. थेच म्या तुमच्यावर फेकलं.

आमच्या यायचे मोजे म्या काल काढाले लावले. वट्ट्यावर. लोकायसमोर. टाचा साऱ्या सोललेल्या. म्हने, "माय म्हने कोनाले दाखवू नको, लग्न जमनार नाई." म्हंजे याइले ठाऊक होतं. माय मले पोळनारी म्हने, तवा हे बाजूलेच बसले होते, मोजे घालून! आता घरात भाकर वाढते मी त्याइले. बोलत नाई. बोलनार बी नाई.

नीलिमाचं सांगते. माह्या हाताखाली कातडं सरकलं, लेकरू रडलं, तवा नीलिमा उठून आली. मले वाटलं आता ही माह्या झिंज्या धरते. तिनं लेकराले बुडाखाली हात घालून उचललं, टॉवेलावर टिपलं, अन् मले इचारलं, "आई, पाणी कोमटच होतं ना?" सहज इचारलं तिनं. बाई, एवढ्या वर्षात मले हे कोनी इचारलं नोतं. म्या सांगतलं होय. तिनं मान हालवली, अन् लेकराले पाजाले घेतलं. बस. तिनं मानलं.

पोट्टीचे झबले म्या उलटे करून ठेवले हायेत, शिवन बाहेर. संघदीपले बी सांगतलं, आता पायाचं लपवाचं नाई.

तुमी मले आवडत नाई. तुमचा सतीश त बिलकुल नाई. अन् थे बूट सस्तेच होते. मी माफी मांगत नाई, मले थे जमत नाई. पन एक काम हाये. थे केलं त नीलिमाले अन् लेकराले संघदीप रयवारी तिकडं आनून सोडीन, पुरा उन्हाळा राहू द्या. तुमच्याकडं कूलर हाये.

मले लिहून द्या. डॉक्टरनीचं नको, तिले मी ठाऊक नाई. नीलिमाचं नको, थे पोरगी मनानं चांगली हाये, लोक म्हनतीन सुनेनं दबून लिहलं. तुमी लिहा. तुमी मास्तरीन हा, इज्ञान शिकवता, अन् तुमी माह्या वैरीन हा. वैरीन माह्या बाजूनं खोटं लिहनार नाई, हे साऱ्या गल्लीले पटन. लिहा, की थे पानी कसं होतं.

भागिरथा


किन्हीराजा
२२ मार्च

भागिरथाबाई,

जयभीम.

तुमचं पत्र घेऊन जगदेव आला, तेव्हा मी पोलिसांकडंच निघाले होते. तो दारात उभा आहे. उत्तर घेतल्याशिवाय जीप हलवणार नाही म्हणतो, आणि आतली माणसं हॉर्न वाजवताहेत. म्हणून थोडक्यात लिहिते.

रक्ताचा रिपोर्ट काल आला. केराटिनचाच दोष. मी बेबीबाईच्या घरी गेले होते, सांगायला. तिनं दार उघडलं नाही. मी तिला तिच्या नखांवरून आणि हातांवरून जे बोलले होते ते आता मला तोंडपाठ आहे, तुम्हाला रुपाबाईंचं आहे तसं. पुन्हा जाईन. उघडेल तेव्हा उघडेल.

लेकराच्या अंगावर तुम्ही ते करून पाहिलंत, हे मी विसरणार नाही. इतकं हात जोडून सांगितलं होतं. तुमच्यावर राग आहे आणि तो राहणार आहे. बूट मी स्वतः कारंज्याला दुकान पालथं घालून घेतले होते, सस्ते नव्हते. रविवारी संघदीपला सकाळी लवकर निघायला सांगा, ऊन चढायच्या आत. आणि बाळाला जीपमध्ये मांडीवर घेताना खाली उशी घ्या.

तुम्ही मागितलंत ते खाली लिहिते. वेगळ्या कागदावर लिहीत नाही. वरचं भांडणही याच कागदावर राहू द्या, म्हणजे कोणी म्हणणार नाही की विहिणीनं गोडीगुलाबीत लिहून दिलं. गल्लीत दाखवा. रुपाबाईंचा फोटो घरात असेल तर त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा.

मी, रत्नमाला खंडारे, विज्ञान शिक्षिका, किन्हीराजा, लिहून देते की भागिरथा दौलतराव तायडे यांनी आपल्या पहिल्या मुलीला भाजलं नाही. त्या मुलीची कातडी जन्मापासून तशी होती, आणि ती तशी बापाकडून आली होती. आईच्या हातून काही चुकलं नाही. पाणी कोमट होतं.

रत्नमाला खंडारे